पन्नासाला एक: सॉमरसेट अँड डॉर्सेटचा चढ सिम्युलेटरमध्ये बांधताना

सॉमरसेट अँड डॉर्सेट रेल्वे ७ मार्च १९६६ रोजी बंद झाली. बाथपासून बोर्नमथपर्यंत सुमारे ७१ मैल जाणारी ही लाइन इंग्लंडमध्ये आजही जीव लावून आठवली जाते. रूळ उखडले गेले. डेव्हनशर आणि कूम डाउन या दोन बोगद्यांतून २०१३ पासून सायकली जातात. प्रेस्टलीचा कमानींचा पूल पाडला गेला. मिडसमर नॉर्टनला स्वयंसेवकांनी स्टेशन आणि थोडा रूळ पुन्हा उभा केलाय, पण मेंडिपच्या डोंगरावरून भरलेली गाडी न्यायची असेल तर ती आता संगणकातच न्यावी लागते. आम्ही या लाइनचा उत्तरेकडचा, बाथ ग्रीन पार्क ते इव्हरक्रीच जंक्शन हा सुमारे २६ मैलांचा भाग ओपन रेल्स या मोफत सिम्युलेटरसाठी बांधायला घेतला. ते काम कोणत्या क्रमाने केलं, कुठे काय बिघडलं आणि का, ते इथे लिहितोय.

या लाइनचा स्वभाव म्हणजे तिचे चढ. बाथ जंक्शन सोडलं की लगेच पन्नासाला एक, म्हणजे पन्नास फूट पुढे गेलं की एक फूट वर, डेव्हनशर बोगदा पार करेपर्यंत. मग लिंकमच्या खोऱ्यात माथा, कूम डाउन बोगद्यातून मिडफर्डकडे शंभराला एकचा उतार, आणि रॅडस्टॉकनंतर पुन्हा सुमारे साडेसात मैल बहुतेक पन्नासाला एकच, मासबरीच्या माथ्यापर्यंत. तो माथा समुद्रसपाटीपासून ८११ फुटांवर. पलीकडे इव्हरक्रीचकडे तसाच उतार. आपला बोर घाट सदतिसाला एक आहे, तेव्हा आकडा ऐकून मराठी वाचकाला धडकी भरणार नाही. पण बोर घाट चढणाऱ्या बहुतेक गाड्यांना मागून बँकर, म्हणजे ढकलणारं जादा इंजिन, मिळतो. इथे कितीतरी गाड्या एकट्या इंजिनाने, कोळशावर आणि एका फायरमनच्या पाठीवर काढल्या जात. म्हणून आम्ही सुरुवातीलाच ठरवलं की स्टेशनच्या खिडक्यांचा रंग चुकला तर नंतर दुरुस्त करू, पण चढ, वजन आणि वाफ यांचं गणित आधी बरोबर आलं पाहिजे. ते चुकलं तर वर कितीही सुंदर चित्र काढा, ती सॉमरसेट अँड डॉर्सेट होत नाही.

त्याहीआधी एक दिवस ठरवायचा. वर्ष नव्हे, दिवस. आम्ही १९५५ च्या उन्हाळ्यातला शनिवार घेतला, कारण त्या दिवशी उत्तर इंग्लंडातून समुद्रावर जाणाऱ्या गाड्यांची रीघ लागलेली असे. दिवस ठरला की शंभर प्रश्न आपोआप सुटतात. त्या वर्षी लाइन ब्रिटिश रेल्वेच्या सदर्न विभागाकडे होती, म्हणून बाथच्या इंजिनांच्या धुरपेटीवर शेडची पाटी ७१जी. १९५८ नंतर ती ८२एफ झाली. डबे लाल-मलई रंगाचे, कारण सरसकट मरून रंग १९५६ पासून आला. टेंडरवर, म्हणजे इंजिनामागच्या कोळसा-पाण्याच्या गाड्यावर, चाकावर उभा असलेला जुना सिंह, कारण नवं बोधचिन्हही १९५६ चंच. नाइन एफ जातीचं एकही इंजिन नको, ती इथे १९६० मध्ये आली. या लाइनवर सगळ्यांना ‘इव्हनिंग स्टार’ हवं असतं. पण ते इंजिन मार्च १९६० मध्ये स्विंडनला पूर्ण झालं आणि त्याने ८ सप्टेंबर १९६२ रोजी या मार्गावरची शेवटची पाइन्स एक्स्प्रेस ओढली. १९५५ च्या डब्यांपुढे ते लावलं की सगळा काळच मोडतो. १९५५ च्या इंजिनांच्या यादीत टू पी आणि फोर एफ, सेव्हन एफ, ब्लॅक फाइव्ह, वेस्ट कंट्री, आणि बाथला १९५४ पासून असलेली ७३०५० ते ७३०५२ ही तीन स्टँडर्ड इंजिनं, एवढं पुरतं.

जमीन हे पहिलं काम. इंग्लंडची उंचीची माहिती मोफत मिळते: ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशा संस्थेची ५० मीटर जाळीची, आणि पर्यावरण विभागाची लायडारने, म्हणजे विमानातून लेसरने मोजून, घेतलेली एक मीटरपर्यंत बारीक. लायडारचे दोन प्रकार असतात. एकात झाडं-घरं धरून पृष्ठभाग असतो, दुसऱ्यात ती वजा करून नुसती भूमी. दुसराच घ्यायचा, नाहीतर रुळाशेजारी झाडांच्या उंचीच्या टेकड्या उगवतात. मात्र भूमीच्या या प्रकारातून कधीकधी उभे असलेले पूलही पुसले जातात, आणि लाइन बंद झाल्यावर बुजवलेली कटिंग्ज (रुळासाठी कापलेले खोल चर) त्यात बुजलेलीच दिसतात. तिथे १९५० च्या दशकातल्या नकाशावरून हाताने खोदाई करावी लागते.

पहिला मोठा घोटाळा इथेच होतो. जुने नकाशे ब्रिटनच्या राष्ट्रीय ग्रिडवर असतात आणि त्यामागचा पृथ्वीचा आकार १८३० च्या एअरी लंबगोलाचा धरलेला आहे. उपग्रहाचे अक्षांश-रेखांश वेगळ्या लंबगोलावर. रूपांतर न करता एकातले आकडे दुसऱ्यात टाकले तर सगळी लाइन सुमारे शंभर मीटर सरकते. कपटी गोष्ट ही की सगळंच एकसारखं सरकतं, म्हणून बराच वेळ कळत नाही. कळतं ते रूळ भरावावरून न जाता शेजारच्या शेतातून जाऊ लागतो तेव्हा. रूपांतर झालं की आजही जागेवर असलेल्या तीन-चार खुणा तपासायच्या: बोगद्याची तोंडं, चर्चचा मनोरा, कमानींच्या पुलाची दोन टोकं. त्या पाच मीटरच्या आत जुळल्याशिवाय पुढे जायचं नाही.

दुसरा घोटाळा अंतरांचा. रेल्वेच्या जुन्या कागदांत अंतर मैल आणि चेनमध्ये असतं. ८० चेन म्हणजे एक मैल, एक चेन २२ यार्ड, म्हणजे २०.१२ मीटर. कागदावर १०.४० लिहिलं असेल तर ते दहा मैल चाळीस चेन, म्हणजे साडेदहा मैल. दशांश समजून वाचलं तर एक दशांश मैल, जवळजवळ १६० मीटर, अंतर चुकतं आणि सिग्नल फलाटाच्या मध्यावर येतो. बोगद्यांच्या लांब्या यार्डांत. कूम डाउन १,८२९ यार्ड, म्हणजे १,६७२ मीटर. हा आकडा मीटर समजून टाकला तर बोगदा दीडशे मीटर वाढतो आणि टकिंग मिलच्या पुलावर बाहेर पडतो.

मग रूळ. मार्ग बांधायचं सॉफ्टवेअर म्हणून आम्ही टीएसआरई वापरलं. त्यात चढ हजारी प्रमाणात देता येतो: पन्नासाला एक म्हणजे हजारी २०, शंभराला एक म्हणजे हजारी १०. सोपं वाटतं, पण रुळाच्या प्रत्येक तुकड्याचा चढ पुढच्यात वाहत जातो. रॅडस्टॉकपासून मासबरीपर्यंत सुमारे १२ किलोमीटर. हजारी एकाची चूक राहिली तर माथ्यावर पोचेपर्यंत १२ मीटरांचा फरक पडतो. म्हणून आम्ही रेल्वेचा चढ-उताराचा तक्ता समोर ठेवून प्रत्येक बदलाची जागा मैलाच्या दगडाशी बांधली आणि दर स्टेशनला उंची तपासली. मासबरीला २४७ मीटर आलेच पाहिजेत. आले नाहीत तर शेवटी थोडं ओढून बसवायचं नाही. मागे जाऊन चूक शोधायची, कारण बहुधा एखाद्या स्टेशनातला सौम्य चढ आपण धरलेला नसतो. स्टेशनांमध्ये चढ मुद्दाम कमी ठेवलेला असे, आणि थांबलेली गाडी पुन्हा निघू शकत होती ती त्याच्याच जिवावर.

चढ बदलतो तिथे एकदम हजारी ० वरून २० वर जाऊ नये. सिम्युलेटरमधल्या साखळ्यांना तो धक्का खरा वाटतो आणि लांब मालगाडी तुटते. आम्ही दर बदल पाच-पाच हजारीच्या टप्प्यांत, वीस-वीस मीटरचे तुकडे टाकून केला.

जमिनीची जाळी इथे आठ मीटरची असते. २,०४८ मीटरचा एक चौकोन, त्यात २५६ गुणिले २५६ बिंदू. म्हणजे एक मीटरचं लायडार असलं तरी त्यातला बारकावा बहुतेक वाया जातो. दुहेरी रुळाचा भराव वरून जेमतेम आठ-नऊ मीटर रुंद, म्हणून जमीन रुळाखाली करवतीच्या दातांसारखी दिसते. त्यावर उपाय म्हणजे जमीन रुळापेक्षा थोडी खाली दाबायची आणि भरावाच्या बाजू वेगळ्या वस्तू म्हणून बसवायच्या. बोगद्याच्या तोंडाशी जमिनीचे चौकोन लपवावे लागतात. तेही आठ मीटरचेच, आणि डेव्हनशर आणि कूम डाउन तर एकेरी रुळाचे अरुंद बोगदे. तोंडाभोवती भोक पडतं आणि त्यातून आकाश दिसतं. दगडी तोंडाची वस्तू दोन्ही बाजूंना पंखांसारखी लांब भिंत देऊन केली की ते झाकलं जातं.

बोगद्यांच्या रुंदीचा परिणाम नुसता दिसण्यावर होत नाही. १८७४ मध्ये बाथपर्यंतचा हा फाटा बांधताना कंपनीची तिजोरी रिकामी झाली. पुढे लवकरच लाइन मिडलंड आणि लंडन अँड साउथ वेस्टर्न या दोन मोठ्या कंपन्यांना भाड्याने द्यावी लागली. मिडफर्डच्या पुढे रूळ दुहेरी झाला, पण बोगद्यांचा हा भाग अखेरपर्यंत एकेरीच राहिला. बोगद्यात हवेचा अडथळा किती हे ओपन रेल्स मार्गाच्या फाइलीतल्या बोगद्याच्या क्षेत्रफळावरून आणि परिघावरून काढतं. ते दोन आकडे दिले नाहीत तर सिम्युलेटर आपले ठोकळ आकडे घेतं आणि कूम डाउन प्रशस्त होऊन बसतो.

सिग्नलांबद्दल एक गोष्ट बाहेरच्यांना माहीत नसते. या संयुक्त लाइनवर इंजिनं डर्बीची, म्हणजे मिडलंड घराण्याची, पण रूळ, इमारती आणि सिग्नल साउथ वेस्टर्नच्या, पुढे सदर्नच्या घराण्याचे. त्यामुळे मिडफर्डला जुन्या रुळांच्या खांबांवर सदर्नचे वर उचलले जाणारे हात, आणि बाथच्या टोकाला मिडलंडचा थाट. तयार पॅकमधला एकच खांब सगळीकडे ठोकला तर जाणकाराला पहिल्या मैलातच चूक दिसते. प्रत्येक सिग्नल केबिनच्या हद्दीत आधी सूचना देणारा दूरचा पिवळा मासोळी-शेपटीचा हात, मग स्टेशनात शिरण्याआधीचा होम, मग निघतानाचा स्टार्टर. सिम्युलेटरमध्ये दूरच्या सिग्नलाचा प्रकार वेगळा नोंदवावा लागतो. चुकून साधा सिग्नल म्हणून नोंदवला तर पिवळ्या हातापाशी संगणकाच्या गाड्या थांबून राहतात.

एकेरी रुळावर ड्रायव्हरकडे टॅब्लेट, म्हणजे त्या भागात शिरायची परवानगी असलेली धातूची चकती, असल्याशिवाय गाडी जात नसे, आपल्याकडे लोखंडी गोळा असे तसंच. चालत्या गाडीतून तो घेण्या-देण्याचं यंत्र याच लाइनच्या लोको विभागाचे प्रमुख आल्फ्रेड व्हिटेकर यांनी बनवलं होतं. ओपन रेल्समध्ये टॅब्लेट नाही. आम्ही रुळाशेजारी यंत्र उभं केलं आणि तिथे गती कमी करण्याची पाटी लावली. अडवण्याचं काम सिग्नलच्या स्क्रिप्टवर सोडलं. इथे नेहमी घडणारा बिघाड असा: बाथहून एक आणि मिडफर्डहून एक अशा दोन गाड्या एकेरी भागात समोरासमोर येऊन कायमच्या थिजतात. कारण जवळपास नेहमी एकच असतं. एकेरी भागाच्या एका टोकाला नियंत्रक सिग्नल राहून गेलेला असतो, किंवा तो सांध्याच्या (रूळ जिथे एकत्र येतात त्या जागेच्या) पलीकडे, आत बसवलेला असतो. सिग्नल सांध्याच्या अलीकडे हवा.

झाडं लावण्याआधी जुने फोटो पाहावेत. आजच्या उपग्रहचित्रात लाइनच्या दोन्ही बाजूंना रान माजलेलं दिसतं, कारण साठ वर्षांत तिथे कोणी कोयता चालवला नाही. १९५५ मध्ये भराव गवताचे आणि मोकळे होते. गँगमन ते कापत, जाळत. इंजिनाच्या ठिणगीने आग लागू नये म्हणून ते गरजेचंच होतं. उलट शेतांच्या कुंपणांत उंच एल्म वृक्ष हवेत, जे आज नाहीत. १९६० च्या दशकाच्या अखेरीस आलेल्या रोगाने ते इंग्लंडभर मेले. एल्म लावले आणि भराव मोकळे केले की त्या खोऱ्याचं रूप बदलतं, वेलो गावापासूनचं वळण दूरवर दिसू लागतं. आम्हाला या कामातला सर्वांत समाधानाचा भाग हाच वाटला.

आता इंजिन. या लाइनचं स्वतःचं इंजिन म्हणजे सेव्हन एफ, आठ जोडचाकांचं. फक्त ११ झाली: सहा डर्बीला १९१४ मध्ये, पाच रॉबर्ट स्टीफन्सन कंपनीत १९२५ मध्ये. दुसऱ्या तुकडीचे बॉयलर सुरुवातीला मोठे होते, पुढे त्यांनाही लहान बसवले गेले, म्हणून १९५५ चं चित्र काढताना १९३० चा फोटो चालत नाही. त्यांतली ५३८०८ आणि ५३८०९ आज जतन केलेली आहेत, आणि मापं, रिव्हेट, नळ्यांची वळणं यांसाठी त्यांचे जवळून घेतलेले फोटो सोन्याच्या मोलाचे आहेत.

आकडे असे: सिलिंडरचा व्यास २१ इंच, दट्ट्याची धाव २८ इंच, बॉयलरचा दाब चौरस इंचाला १९० पौंड, चाकाचा व्यास ५६.५ इंच, भट्टीची जाळी २८.४ चौरस फूट. आकडे बरोबर आहेत का हे पाहायची एक सोपी कसोटी आहे. दाबाच्या ८५ टक्के गुणिले व्यासाचा वर्ग गुणिले धाव, भागिले चाकाचा व्यास. ०.८५ × १९० × ४४१ × २८ ÷ ५६.५ केलं की ३५,२९५ पौंड येतात, आणि या इंजिनाची छापील ओढही तेवढीच आहे. कसोटी जुळत नसेल तर चारपैकी एखादा आकडा दुसऱ्या इंजिनाचा आहे.

हे आकडे फाइलीत उतरवताना होणाऱ्या चुका ठरलेल्या आहेत. फाइल चाकाचा व्यास मागत नाही, त्रिज्या मागते. २८.२५ इंच लिहायचे. व्यास लिहिला की ओढ निम्मी होते आणि इंजिन बाथमधूनच निघत नाही. शिवाय त्रिज्या दोनदा येते, एकदा वाघिणीच्या भागात आणि एकदा इंजिनाच्या भागात. ओढ ठरते ती दुसरीवरून. एककं लिहायला विसरलात तर सिम्युलेटर लांबी मीटरमध्ये धरतं. टेंडरमधलं पाणी गॅलनमध्ये नव्हे, वजनात द्यायचं असतं. ३,५०० गॅलनच्या टेंडरमध्ये ३५,००० पौंड पाणी, कारण ब्रिटिश गॅलन दहा पौंडांचा. ३,५०० पौंड लिहिले तर चढ अर्ध्यावर यायच्या आत टाकी कोरडी.

वाफ किती तयार होणार ते मुख्यतः पाण्याला तापवणाऱ्या पृष्ठाच्या क्षेत्रफळावरून आणि जाळीच्या आकारावरून ठरतं. पुस्तकी तक्त्यांत एकूण क्षेत्रफळात सुपरहीटरचंही, म्हणजे तयार वाफ आणखी तापवणाऱ्या नळ्यांचंही, मिळवलेलं असतं. ते वजा करूनच फाइलीत घालायचं, नाहीतर बॉयलर खऱ्यापेक्षा सशक्त होतो. आणि इंजिन सुपरहीटेड आहे ही नोंद वेगळी करायची. ती राहिली तर उलटं होतं, वाफ इतकी खर्च होते की मिडसमर नॉर्टनलाच दाब कोसळतो. फायरमनची मर्यादाही द्यावी लागते. ब्रिटिश इंजिनांसाठी ओपन रेल्समध्ये रूढ आकडा तासाला ३,००० पौंड कोळशाचा आहे. हा आकडा वाढवायचा मोह होतो, कारण मग सगळंच सोपं होतं. वाढवू नये. मेंडिपवर माणसाच्या दोन हातांची मर्यादा हीच खरी मर्यादा होती.

गाडीचं गणित साधं आहे. पन्नासाला एकवर नुसतं वजन धरून ठेवायला वजनाचा पन्नासावा भाग ओढ लागते. इंजिन-टेंडर धरून ४०० टन असतील तर आठ टन. सेव्हन एफची निघतानाची ओढ पावणेसोळा टनांची. राहिलेल्या पावणेआठ टनांत घर्षण, वळणं, वारा आणि वेग. वेग वाढला की ओढ घटते, म्हणून चढावर गाडी एका ठरावीक गतीवर येऊन स्थिरावते. ती कुठे स्थिरावते हे पाहणं म्हणजेच आमची परीक्षा. त्यासाठी वाघिणीही खऱ्या हव्यात. १९५५ च्या १६ टनी कोळशाच्या वाघिणींना साधे तेलाचे बेअरिंग होते. फाइलीत रोलर बेअरिंग लिहिलं तर गाडी बर्फावरून घसरावी तशी निघते.

मालगाडीच्या बहुतेक वाघिणींना गाडीभर चालणारा ब्रेक नव्हताच. इंजिनाचा ब्रेक, टेंडरचा ब्रेक आणि शेवटी गार्डची ब्रेकव्हॅन, बस. मासबरीच्या माथ्यावर थांबून वाघिणींचे हाताचे ब्रेक खुंटीने अडकवत आणि मगच उतरत. सिम्युलेटरमध्ये एफ९ खिडकीतून एकेका वाघिणीचा हातब्रेक लावता येतो. पण अनेक तयार वाघिणींमध्ये हातब्रेकचा जोर इतका जास्त लिहिलेला असतो की दोन वाघिणीच गाडी रोखून धरतात. तो इतका कमी करायचा की पंचवीस-तीस वाघिणींच्या गाडीला निदान आठ-दहा ब्रेक लावावे लागतील. प्रवासी गाड्यांना व्हॅक्यूम ब्रेक, पाऱ्याच्या २१ इंचांचा.

आवाजाचं थोडक्यात. दोन सिलिंडरांचं इंजिन चाकाच्या एका फेऱ्यात चार धापा टाकतं. सेव्हन एफच्या चाकाचा परीघ साडेचार मीटर, ताशी १५ मैलांवर सेकंदाला दीड फेरा, म्हणजे सेकंदाला सहा धापा. ध्वनिफाइल लावल्यावर घड्याळ घेऊन मोजावं. आवाज आणि चाक यांची ताटातूट झाली की डोळ्यांआधी कानाला कळतं.

वेळापत्रक स्प्रेडशीटमध्ये होतं, ओळीत स्टेशनं आणि उभ्या रकान्यात गाड्या. स्टेशनचं नाव मार्गातल्या फलाटाच्या नावाशी अक्षरशः जुळलं पाहिजे. बाथ ग्रीन पार्क हे टोकाचं स्टेशन, तेव्हा उत्तरेकडून आलेल्या गाडीचं इंजिन सुटतं, दुसऱ्या टोकाला नवं लागतं आणि गाडी आली त्याच वाटेने बाथ जंक्शनपर्यंत परत जाते. हे जोडणं-सोडणं वेळापत्रकातल्या आज्ञांनी होतं. एक अडचण मात्र मुळातली आहे. संगणक चालवत असलेल्या गाड्यांना वाफेचं गणित लागू होत नाही. त्या पन्नासाला एकवरही सपाटीच्या गतीने धावतात आणि वेळापत्रक विस्कटून टाकतात. त्यांची कमाल गती आम्ही प्रत्येक गाडीच्या वजनानुसार वेगळी लिहिली, खऱ्या वेळापत्रकातल्या दोन स्टेशनांमधल्या मिनिटांवरून काढून.

बँकरच्या बाबतीत तडजोड करावी लागली. रॅडस्टॉकहून मालगाडीला मागून लावलेलं इंजिन मासबरीच्या माथ्यावर नुसतं मागे राही आणि परवानगीची खास काठी घेऊन त्याच रुळावरून उलट बिनेगरला उतरे. ओपन रेल्समध्ये टेकलेलं इंजिन आपोआप जोडलं जातं. म्हणून आम्ही माथ्यावर थांबा दिला, तिथे ते सोडायचं. ब्रेक अडकवायला मालगाडी तिथे थांबतेच, त्यामुळे हा थांबा फारसा खोटा ठरत नाही.

चाचणीसाठी आम्ही उलटी दिशा घेतली, मिडफर्डकडून बाथकडे, टेंडर पुढे, जड मालगाडी. त्याला कारण आहे. २० नोव्हेंबर १९२९ रोजी ८९ क्रमांकाचं सेव्हन एफ अशीच गाडी घेऊन कूम डाउन बोगद्यात शिरलं. शंभराला एकच्या चढावर गाडी इतकी मंदावली की धुराने ड्रायव्हर आणि फायरमन दोघेही शुद्ध हरपून बसले. इंजिन तसंच रेटत माथा ओलांडून गेलं आणि पन्नासाला एकच्या उतारावर सुटलेली गाडी बाथच्या मालधक्क्यात जाऊन उलटली. ड्रायव्हरसह तिघे गेले. सिम्युलेटरमध्ये धुराने गुदमरण्याची सोय नाही, पण त्यामागचं कारण आहे: वजन, चढ, अरुंद बोगदा आणि गती. पहिल्या चाचणीत आमची गाडी बोगदा ताशी २० मैलांनी सहज पार करून गेली. याचा अर्थ काहीतरी चुकलं होतं. बोगद्याच्या क्षेत्रफळाचा आकडा दुहेरी बोगद्याच्या रकान्यात गेला होता, आणि ब्रेकव्हॅनच्या बेअरिंगची नोंद पुढच्या सगळ्या वाघिणींत चिकटली होती. दोन्ही दुरुस्त करून, मिडफर्डला थांबवून पुन्हा काढली. या वेळी बोगद्याच्या मध्यावर गती चालण्याच्या वेगावर आली. धापा एकेक मोजता येत होत्या, आणि दुसऱ्या टोकाचा उजेड बराच वेळ तेवढाच लहान राहिला.